कोपऱ्यातला खराटा

दुपारी सरकारी शाळा सुटली की आमच्या गावातली मुले घरी येतात, दप्तर चटईवर टाकतात, उकडलेल्या तारोच्या कंदाचा तुकडा तोंडात कोंबतात आणि कमरेला लावालावाचे कापड गुंडाळून चर्चच्या पाळकांच्या घराकडे निघतात. तिथे वाचायला शिकवतात. सरकारी शाळेत काय शिकवतात ते सरकार जाणे. उपोलू बेटाच्या या दक्षिण किनाऱ्यावर मूल वाचायला शिकते ते पाळकांच्या पडवीत, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर बसून. त्याचे आईबाप तिथेच शिकले, आजीआजोबाही तिथेच. तक्त्याला आम्ही 'पी' म्हणतो. एका अक्षराशेजारी एक चित्र. आ, आतो, म्हणजे टोपली. ए, एलेफाने, म्हणजे हत्ती, जो आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. ई, इपू, म्हणजे पेला. छडी एका चित्रावरून दुसऱ्यावर सरकते, मुले एका सुरात गातात, आणि रस्त्याने जाणाऱ्या म्हाताऱ्याचेही ओठ हलतात.

तक्त्याखालच्या कोपऱ्यात नारळाच्या हिरांचा खराटा उभा असतो. सकाळी त्यानेच अंगण झाडतात. संध्याकाळी म्हणण्यात चूक झाली की तो पोटरीवर नाहीतर तळहातावर बसतो. हा खराटा पाळक विकत आणत नाहीत. मुलाला पहिल्यांदा अक्षरे शिकायला सोडताना आई तो घरी बांधून नेते, दोन्ही हातांनी पुढे करते आणि म्हणते, "लेकरू तुमच्या स्वाधीन." मार द्या असे ती सांगत नाही; सांगायची गरजच नसते. आमच्या गावात याला संस्कार म्हणतात. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

अपेरामोची मुलगी फुआतिनो सात वर्षांची होती. पुढचे दोन दात पडलेले, गुडघ्यावर कायमची खपली, आणि गावातली सगळ्यात हुशार पोरगी. निदान तिच्या बापाचे तरी तसेच म्हणणे होते. अपेरामो चर्चच्या मंडळीचा डीकन, म्हणजे कारभारी. संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की तो लेकीच्या मांडीवर बायबल ठेवी आणि ती एक अख्खा अध्याय न थांबता म्हणून दाखवी. आमच्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे तो अध्याय शेजारच्या घरांनाही ऐकू जाई, आणि अपेरामोची त्याला काही हरकत नव्हती.

"बघितलंस, कुठं म्हणून अडत नाही," तो बायकोला सांगे. "माझ्यावर गेलीय."

"पडलेल्या दातांतून वारा तेवढा जातो," लितिया म्हणे, "तो कुणावर गेलाय?"

लितिया चटया विणण्यात गावात पहिली आणि चर्चच्या गायनातही पहिल्या रांगेत. गीतांचे पुस्तक उघडे धरून ती अशी गाई की मागच्यांना तिच्या आवाजावर चालायचे असे. तिच्या मांडीला टेकून बसलेली फुआतिनो मोठ्यांची वाक्ये एकदा-दोनदा ऐके आणि तिला ती पाठ होत.

त्या वर्षी गावाला नवे पाळक आले. मुलांना अक्षरे शिकवण्याचे काम पाळकीणबाईचे. ते नव्या पाळकांच्या बायकोकडे, सिएनीकडे आले. तिशीतली, हळू बोलणारी बाई. सुरुवातीला तिनेही छडी फिरवून गाणे म्हणवून घेतले. मग एका दुपारी तिने अंगणातल्या नीरफणसाचे हातभर पान तोडून आणले आणि तक्त्यावरच्या टोपलीवर धरले. अक्षर तेवढे उघडे राहिले.

"हे काय?" तिने विचारले.

मुले एकमेकांकडे बघू लागली. तिने पान दुसरीकडे धरले, मग मधूनच खाली कुठेतरी. एकदोघे पुटपुटले. एकाने "हत्ती" म्हणून पाहिले, लागला तर लागला म्हणून.

"फुआतिनो, तू सांग."

फुआतिनो उभी राहिली. "पाळकीणबाई, ते पान काढा ना," ती म्हणाली. "म्हणजे लगेच सांगते."

"पानाखाली काय आहे ते सगळ्यांनाच माहीत आहे. पानाशेजारी काय आहे?"

फुआतिनोने अक्षराकडे पाहिले, मैत्रिणींकडे पाहिले. मग ती कोपऱ्यात गेली, तिथला खराटा उचलला, आणून सिएनीच्या हातात दिला आणि दोन्ही तळवे पुढे केले. तिला कुणी तसे सांगितले नव्हते. तो खराटा लितियाच्या हातचा होता; आधीचे झिजून गेले होते, त्या कोपऱ्यात शेवटचा आलेला तोच.

सिएनीने खराटा परत कोपऱ्यात उभा केला. "जा, बस जागेवर," ती म्हणाली. "आज मार नाही."

"मग उद्या?" मागून कुणीतरी काळजीने विचारले.

वर्ग सुटल्यावर सिएनीने फुआतिनोला थांबवून घेतले आणि तिचा अध्याय काढून दिला. पोरीने तो घडाघडा म्हटला. मग सिएनीने त्याच पानावरच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवले. फुआतिनोला तो येईना. तिने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, तिथवर पोचण्यासाठी. ती मुलगी लबाड नव्हती. यालाच वाचणे म्हणतात असे तिला मनापासून वाटत होते, कारण या म्हणण्यालाच गाव शाबासकी देत होते.

दुसऱ्या दिवसापासून सिएनी मुलांना घेऊन किनाऱ्यावरच्या वाळूत बसू लागली. तोंडाने शब्द हळू उच्चारायचा, त्यात काय काय ऐकू येते ते सांगायचे, आणि जे ऐकू आले ते बोटाने वाळूत काढायचे. गाणे नाही, चित्र नाही. मुले कंटाळली, कुरकुरली. फुआतिनो तर रडलीसुद्धा, कारण इथे पाठांतर उपयोगाला येत नव्हते. पण एका संध्याकाळी सिएनीने वाळूत तीन अक्षरे काढली आणि फुआतिनो त्यांच्यावर ओणवी होऊन कितीतरी वेळ ओठ हलवत राहिली.

"मो... आ," ती म्हणाली. "मोआ." मग तिने मान वर करून आजूबाजूला पाहिले. पाळकांची कोंबडी नारळाखाली माती उकरत होती. "पाळकीणबाई, ही इथं लिहिलीय," फुआतिनो म्हणाली आणि एकटीच खदखदून हसत सुटली.

त्यानंतर तिला जिथे तिथे अक्षरे दिसू लागली. बिस्किटांच्या डब्यावर, बसच्या कपाळावर, आजोबांच्या थडग्यावर. प्रत्येक ठिकाणी ती थांबे, बोट ठेवी आणि कण्हत-कुथत एखादा शब्द सोडवी. लितिया तिच्या मागे उभी राहून पाही. "काय म्हणतंय ते?" असे विचारी, आणि लेक सांगे ते फार लक्ष देऊन ऐके.

घोळ झाला तो संध्याकाळच्या प्रार्थनेत. अपेरामोने नेहमीसारखे बायबल तिच्या मांडीवर ठेवले. फुआतिनोने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवले आणि वाचू लागली. खरोखरच वाचू लागली. एक शब्द झाला, दुसऱ्यावर अडली, मागे गेली, पुन्हा आली. पहिले वाक्य संपेपर्यंत तिच्या कपाळावर घाम आला होता. तिने बापाकडे पाहिले, ते कौतुकाच्या आशेने.

"हे काय चाललंय?" अपेरामो म्हणाला. "परवापर्यंत अख्खा अध्याय येत होता तुला."

"तेव्हा मी म्हणत होते, बाबा. आता वाचतेय."

शेजारच्या घरातून कुणीतरी हसले. भिंती नसल्या की कौतुक ऐकू जाते तशी फजितीही जाते.

दुसऱ्या दिवशी चटया विणायला बायका जमल्या तेव्हा पेपे आजीने विषय काढलाच. पेपे आजीची जीभ आमच्या गावात कुणाला चुकली नाही. "नव्या पाळकीणबाईंचा हातगुण बघा," ती केवड्याची पात दातांनी फाडत म्हणाली. "मुलं शिकलेलं विसरायला लागली. माझी नात 'पी' झोपेत म्हणायची, आता जागेपणी विचारलं तरी विचार करत बसते. लितिया, तुझी तर म्हणे वाळूत कोंबड्या वाचते."

"वाचते," लितिया म्हणाली. "मी ऐकलंय."

"पांढऱ्या रविवारी काय कोंबडी वाचून दाखवणार मंडळीला?"

बायका हसल्या. लितियाने विणीतली पात जरा जास्तच ओढली.

पांढरा रविवार म्हणजे आमच्याकडे मुलांचा सण. ऑक्टोबरात येतो. सगळी मुले पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये पुढे येतात, एकेक जण शास्त्रातले काही म्हणून दाखवतो, आणि त्या एका दिवशी मोठी माणसे मुलांना आधी वाढतात. एरवी मुलांना उरलेले. कोणाचे मूल किती लांब म्हणते आणि कुठे अडते याची चर्चा पुढच्या सणापर्यंत पुरते. या वर्षी जिल्ह्याचे वडील पाळक येणार होते आणि फुआतिनो त्यांच्यासमोर पुस्तक उघडून वाचणार असे अपेरामोने सगळ्यांना सांगून ठेवले होते. तिच्या पांढऱ्या बुटांसाठी तो बसने आपिया शहरात जाऊन आला होता. लेकीवर त्याचा जीव नव्हता असे कुणी म्हणू नये.

सिएनी त्याच्या घरी गेली. "डीकनसाहेब, ती आता अडते आहे ना, ते चांगलं लक्षण आहे," तिने समजावले. "या वर्षी तिला एकच ओळ वाचू द्या. स्वतःची."

"बाई, तुमचा मान आहे," अपेरामो म्हणाला, "पण मला कुणी असं वाळूत बसवलं नव्हतं. चुकलो की फटका, फटका बसला की पाठ. मी काय वाचत नाही? मी कधी अडखळलो नाही."

त्याला तसे खरेच वाटत होते. स्वतः कधीकाळी अडखळलो होतो हे वाचता येणाऱ्या कुणाला आठवते? सिएनी उठून आली. गावाने दिलेल्या अन्नावर पाळकाचे घर चालते आणि डीकनाशी वाद घालून गावात राहता येत नाही, हे तिला नवऱ्याने त्या संध्याकाळी पुन्हा एकदा सांगितले.

सणाच्या आदल्या आठवड्यात, प्रार्थनेच्या वेळी, फुआतिनोने पुन्हा बोट ठेवले.

"बोट काढ," अपेरामो म्हणाला.

"बोट काढलं की ओळ हरवते, बाबा."

"बोट काढ म्हणतो ना."

तिने काढले, एक शब्द वाचला, आणि बोट आपोआप पुन्हा पानावर गेले. अपेरामोने आढ्याला खोचलेला घरचा खराटा ओढला आणि त्याच्या बांधलेल्या, जाड बाजूने त्या बोटावर मारले. एकदाच नाही. लितिया मधे पडेपर्यंत तो मारत होता. लेकरू ओरडले नाही. पाळकांकडे खराट्यापुढे ओरडले की जास्त बसतात हे तिला पक्के माहीत होते. शेजारच्या घरांत सगळ्यांना ऐकू आले आणि सगळ्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटलेले होते.

बोट सुजून काळेनिळे पडले. लितियाने पाला वाटून बांधला. त्या दिवसापासून फुआतिनो वाळूत जाऊन बसे, पण बोट वाळूला लावीना.

रविवारी सकाळी बाप तिचे बूट बांधायला खाली बसला. पट्टा हळुवार लावला, झग्याची घडी सारखी केली. "हात मागं ठेवायचे," त्याने सांगितले. "पुस्तक समोर उघडं असेल. घाबरायचं नाही."

"बाबा, वाचू की म्हणू?"

"एकच ते," अपेरामो म्हणाला.

चर्च पांढऱ्याशुभ्र मुलांनी भरले होते. फुआतिनोची पाळी आली. सिएनीने स्टँडवर बायबल उघडून ठेवले. पोरीने हात मागे बांधले आणि सुरुवात केली. एक शब्द चुकला नाही, कुठे श्वास अडला नाही. निम्म्यावर आली असेल तेव्हा समुद्राकडून वाऱ्याची झुळूक आली आणि बायबलाचे पान उलटले. मागोमाग आणखी एक. फुआतिनो म्हणतच राहिली. तिचे डोळे समोरच्या दाराकडे लागले होते. पान उलटलेले सगळ्या चर्चने पाहिले, आणि तिचे म्हणून होताच सगळे चर्च एका आवाजात "आमेन" म्हणाले. पेपे आजीने डोळे पुसले. अपेरामोच्या खांद्यावर हात पडले. सिएनी खाली मान घालून उभी होती. लितिया पहिल्या रांगेत होती. तिच्या हातात गीतांचे पुस्तक उघडे होते आणि ती त्या पुस्तकाकडे बघत होती.

जेवण अपेरामोकडे होते. भट्टीतून डुक्कर निघाले, तारो निघाले, अळूच्या पानात नारळाचे दूध बांधून भाजलेले पालुसामी निघाले. मुले रांगेने बसली आणि मोठी माणसे वाढू लागली. फुआतिनोपुढे सगळ्यात चांगले पान आले. तिने त्याला हात लावला नाही.

"मी खूप मंडळ्या पाहिल्या," जिल्ह्याचे वडील पाळक पंख्याने वारा घेत म्हणाले, "पण या वयात इतकं स्वच्छ वाचन ऐकलं नव्हतं."

"ते वाचन नव्हतं, साहेब," लितिया म्हणाली.

अपेरामो हसला. "लितिया, आत जा, सॉसची वाटी आण."

"आत कुठं जाऊ? घराला भिंती कुठं आहेत?" लितिया हातातली परात खाली ठेवत म्हणाली. "मधेच पान उलटलं. तुम्ही सगळ्यांनी बघितलं. पोरगी थांबली का? मला वाचता येत नाही, पण पान उलटलेलं मला कळतं."

"तुला वाचता येत नाही?" पेपे आजी म्हणाली. "गायनात पुस्तक धरतेस की."

"धरते. सगळी गीतं पाठ आहेत. लहानपणी मार चुकवायला पाठ करायला शिकले. पाठ येतंय म्हणून मार थांबला, शाबासकी मिळाली, आणि वाचायला शिकायचं राहून गेलं. अपेरामोलाही मी कधी सांगितलं नाही." तिने फुआतिनोचा उजवा हात धरला आणि सगळ्यांसमोर पाल्याची पट्टी सोडली. "हे बोट तिनं अक्षराखाली ठेवलं होतं. म्हणून असं झालंय. ती अडत होती तेव्हा वाचत होती. आता ती माझ्यासारखी झाली."

वडील पाळकांनी पंखा खाली ठेवला. अपेरामोचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याने लेकीच्या बोटाकडे पाहिले आणि नजर काढून घेतली. तो उठून नारळीच्या बनाकडे चालू लागला. "सणाच्या दिवशी असलं बोलतात का," पेपे आजी पुटपुटली, पण तिने आपली नात जवळ ओढून घेतली.

सोमवारी दुपारी मुलांच्या बरोबर लितियाही पाळकांकडे गेली. नवरा कालपासून तिच्याशी बोललेला नव्हता. तिने आधी कोपऱ्यात जाऊन आपला खराटा उचलला. "पाळकीणबाई, हा मी दिला होता," ती म्हणाली, "परत नेते." तो तिने बाहेर पायरीशी ठेवला आणि येऊन चटईवर मुलांच्या ओळीत, फुआतिनोशेजारी बसली. तिचे गुडघे पुढच्या मुलाच्या पाठीला लागत होते. मुले तोंडावर हात ठेवून हसली.

सिएनीने नीरफणसाचे पान चित्रावर धरले. "लितिया, हे?"

लितियाने अक्षराकडे पाहिले. ओठ हलले, शब्द आला नाही. मुले हसायची थांबली. मोठे माणूस अडले की काय करतात ते त्यांनी कधी पाहिले नव्हते.

फुआतिनो उठली. ती तक्त्याखालच्या कोपऱ्यात गेली आणि वाकली. तिथे काही नव्हते. खराट्याची टोके घासून जमिनीवर पडलेल्या रेघा तेवढ्या होत्या. ती तिथेच उभी राहिली, मोकळ्या हातांचे काय करावे ते तिला कळेना.

आपली लेक कशाला उठली ते लितियाला समजले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "ये गं इकडं," ती म्हणाली. "मला येत नाहीये. तूच सांग."

फुआतिनो परत आली. उजव्या हाताचे ते बोट सरळ होत नव्हते म्हणून तिने आईचे बोट धरले आणि अक्षराच्या दिशेने नेले. "घाई करू नकोस, आई," ती कुजबुजली. "मीपण इथंच अडते."

याला आता काही आठवडे झाले. मायलेकी दोघी अजून हळूहळूच वाचतात. अपेरामो प्रार्थनेच्या वेळी लेकीच्या मांडीवर बायबल ठेवत नाही. ठेवावे की नाही, हे त्याला अजून ठरवता आलेले नाही. पाळकांच्या पडवीतला कोपरा रिकामा आहे. पण काल संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या घरातली एक तरुण आई अंगणात बसून नारळाच्या झावळीचे हीर सोलत होती. एक मूठ झाली की बांधायची आणि दुसरी घ्यायची. तिचा मुलगा येत्या सोमवारपासून अक्षरे शिकायला जाणार आहे.

लितियाला ते आपल्या घरातून दिसले. तिने विणायला घेतलेली चटई बाजूला सारली, उठली आणि त्या तरुण आईच्या अंगणाकडे चालू लागली.